न आलेल्या भाराचा हिशेब



दहावीचा निकाल लागला की दर वर्षी चार-दोन पालक आपल्या मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, इंजिनिअर नाही. तरी गावात विज्ञानाचे मास्तर म्हटले की असले प्रश्न त्यांच्याकडेच येतात. ‘सर, पोराला इंजिनिअर करायचंय. कुठली ब्रँच घ्यावी? पगार कशात जास्त?’ यंदा एका मुलीने वडिलांचे बोलणे संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच विचारले, ‘पण सर, इंजिनिअर नक्की करतो तरी काय?’

खरे सांगायचे तर त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ‘यंत्रे बनवतो, पूल बांधतो’ असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर शोधायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. ते आपल्या धाराशिव जिल्ह्यातच दोन ठिकाणी मिळते. एका ठिकाणी ते पाण्यात उभे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मातीच्या ढिगाऱ्यातून मिळालेले आहे.

नळदुर्गची भिंत

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तुळजापूर तालुक्यात नळदुर्गचा किल्ला लागतो. तुमच्यापैकी पुष्कळांची सहल तिथे गेली असेल. किल्ल्याचा मुख्य भाग आणि शेजारचे रणमंडळ यांच्यामधून बोरी नदी वाहते. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, या दोन भागांना जोडणारा दगडी बांध नदीवर घालण्यात आला. त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात धरण भरले की पाणी नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांवरून खाली कोसळते. महालात उभे राहिले तर समोर पाण्याचा पडदा दिसतो, पण आतले माणूस कोरडे राहते.

बहुतेक लोक तो पडदा पाहून परत येतात. तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा भिंत पाहा आणि विचार करा.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे तुम्ही शिकला आहात. सूत्र सोपे आहे: दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले खोली. दहा मीटर खोलीवर हा दाब दर चौरस मीटरला सुमारे ९८,००० न्यूटन भरतो. म्हणजे एका सतरंजीएवढ्या जागेवर जवळजवळ दहा टन वजनाचा रेटा, आणि तोही आडवा! हा रेटा वरती थोडा आणि तळाशी सर्वांत जास्त असतो. म्हणून धरणाची भिंत तळाशी जाड ठेवावी लागते.

पण भिंत जाड केली म्हणजे काम संपले असे नाही. नदीला पूर येणार. पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाटेल तिथून वाहू लागले तर ते दोन्ही टोकांची माती धुऊन नेईल आणि भिंत उभी असूनही धरण वाहून जाईल. म्हणून बांधणाऱ्याने पुराला आधीच वाट करून ठेवली: ‘तुला जायचेच आहे, तर या दोन जागांवरून जा.’ हाच सांडवा. भिंत बांधली जात असताना तो पूर आलेला नव्हता. तो किती मोठा असेल हे कोणालाही माहीत नव्हते. तरी त्याचा हिशेब आधी करून ठेवलेला होता. चारशेहून अधिक पावसाळे झाले, भिंत उभी आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. आज दिसत असलेला भार कोणीही पाहू शकतो. जो भार अजून आलेला नाही, त्याचा हिशेब इंजिनिअर करतो.

३० सप्टेंबर १९९३

उरलेले अर्धे उत्तर कटू आहे.

त्या वर्षी मी सातवीत होतो. आमचे घर तुळजापूरच्या बाजूला. गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपले होते. पहाटे मांडणीवरची भांडी खडखडू लागली आणि आईने मला ओढतच अंगणात आणले. आमच्या घराला एक भेग पडली, एवढेच. पण दिवस उजाडला तसतशा उमरग्याच्या बाजूने बातम्या येऊ लागल्या. सास्तूर, होळी, किल्लारी. गावेच्या गावे बसली होती.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली.

आता दुसरी एक घटना पाहा. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. वेळ पहाटे ४ वाजून ३१ मिनिटे, म्हणजे तिथेही लोक झोपेतच होते. तीव्रता ६.७. तीव्रतेच्या मोजपट्टीवर ०.५ ने वाढ म्हणजे ऊर्जा पाचपटींहून अधिक. शिवाय वस्ती दाट. तिथे मृत्यू झाले सुमारे साठ.

दोन्ही ठिकाणची जमीन वेगळी, भूकंपाची खोली वेगळी, हे खरे. पण एवढा मोठा फरक केवळ जमिनीमुळे पडत नाही. जमीन हलल्याने माणूस सहसा मरत नाही. अंगावर घर पडल्याने मरतो.

माळवदाचे गणित

आपल्याकडची जुनी घरे तुम्हाला ठाऊक आहेत. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद बांधणारे आजोबा-पणजोबा अडाणी नव्हते. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा माळवदाखाली गारवा असतो. हाताशी असलेल्या दगड, माती आणि लाकडात ते होते. ऊन, पाऊस, चोर यांचा हिशेब त्यांनी चोख केला होता. भूकंप मात्र त्यांनी पाहिला नव्हता, त्यांच्या वडिलांनीही पाहिला नव्हता.

आता हे गणित करू या. समजा, खोली ३ मीटर गुणिले ४ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर. मातीचा थर अर्धा मीटर. मातीची घनता दर घनमीटरला १६०० किलो धरा. मग छपरावरची माती झाली ९,६०० किलो. जवळजवळ दहा टन!

हे वजन शांतपणे उभे असते तोवर भिंती ते पेलतात, कारण दगड दाब उत्तम सोसतो. भूकंपात जमीन बाजूला सरकते. जडत्वामुळे छपराला जागेवरच राहायचे असते. बस एकदम सुटली की उभे प्रवासी मागे कलंडतात, तसेच हे. जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक-पंचमांश धरले, तर त्या मातीमुळे भिंतींवर येणारा आडवा रेटा होईल ९,६०० गुणिले १.९६, म्हणजे सुमारे १८,८०० न्यूटन. जणू दोन टनांचा बोजा भिंतीच्या माथ्याला बाजूने ढकलतो आहे, आधी इकडून, मग तिकडून, सेकंदाच्या आत. त्याच खोलीवर पत्र्याचे छप्पर असते आणि आधाराच्या पाइपांसह ते दर चौरस मीटरला १५ किलो धरले, तर एकूण वजन १८० किलो आणि आडवा रेटा साडेतीनशे न्यूटनांच्या आसपास. फरक पाहा!

भिंतीचेही स्वतःचे वजन असते आणि तिच्यावरही असाच रेटा येतो. दगडमातीची भिंत बहुधा आतून एकसंध नसते. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे बारीक दगड व मातीची भर. दोन्ही थरांना जोडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड नसले की हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटतात आणि फुगून पडतात. कोपऱ्यात दोन भिंती नीट सांधलेल्या नसल्या की कोपरा उघडतो. मग वरचे दहा टन खाली येतात. जिथे खांब आणि तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तिथे काही घरांत भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली.

एक प्रयोग करून पाहा

साहित्य : पंचवीस-तीस काडेपेट्या, वीस सारख्या आकाराच्या गोट्या, एक परात, एक सपाट फळी, सुतळी.

परातीत गोट्या पसरा. त्यांवर फळी ठेवा. फळी बोटाने ढकलली तर सहज मागेपुढे सरकली पाहिजे. हा झाला तुमचा भूकंप. फळीवर काडेपेट्यांची चौकोनी खोली रचा. प्रत्येक भिंत दोन पेट्या लांब आणि तीन पेट्या उंच ठेवा. काहीही चिकटवू नका. आता ‘एक-दोन, एक-दोन’ असे मोठ्याने मोजत फळी हलवा. किती अंक मोजेपर्यंत पहिली पेटी पडली ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा कोपरा आधी उघडेल.

खोली पुन्हा तशीच रचा. या वेळी सर्वांत वरच्या थराला चारही बाजूंनी सुतळीचा एक घट्ट वेढा द्या. त्याच वेगाने हलवा. मग सुतळी मधल्या थराला बांधून पाहा, मग दोन्ही थरांना. प्रत्येक प्रयोग तीनदा करा आणि सरासरी काढा. वेढा कोणत्या जागी सर्वांत उपयोगी पडला?

भूकंपात टिकाव धरावा म्हणून घराच्या चारही भिंतींना दारा-खिडक्यांच्या वर सलग बांधून टाकणारा जो काँक्रीटचा पट्टा घालतात, तो म्हणजे ही सुतळीच. या पट्ट्यामुळे चार सुट्या भिंतींची एक पेटी होते.

नकाशा बदलला

भूकंपापूर्वी देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. किल्लारी परिसरात १९९२ मध्ये लहान धक्के जाणवले होते, तरी एवढ्या मोठ्या भूकंपाची कल्पना कोणी केली नव्हती. पुढे २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशात हा भाग तिसऱ्या विभागात घातला गेला. हे मी मुद्दाम सांगतो. आपला अंदाज चुकला हे कबूल करून नकाशा बदलणे हाही या विद्येचाच भाग आहे. चूक लपवली तर पुढचे घरही तसेच बांधले जाते.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. इतर असंख्य गावांत उभी राहिलेली घरे मालकांनीच सरकारी मदतीने दुरुस्त आणि भक्कम केली. इंजिनिअरांना गावोगाव हिंडून गवंड्यांना आणि घरच्या बायाबापड्यांना समजवावे लागले की पट्टा का घालायचा आणि आरपार दगड कुठे बसवायचा. कागदावरचा नकाशा घरच्या माणसाला पटला नाही तर तो कागदावरच राहतो. तुमच्यापैकी जे इंजिनिअर होणार आहेत त्यांनी आपली मराठी भाषाही चांगली ठेवावी, ती यासाठी.

विश्वेश्वरय्यांची नोकरी

‘करिअर’ म्हटले की मुलांना पद आणि पगार आठवतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे उदाहरण पाहा. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. ते म्हैसूरकडचे, पण इंजिनिअर झाले पुण्यात. तिथल्या सायन्स कॉलेजातून १८८३ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीचे काम काय? खानदेशात पांझरा नदीच्या परिसरात पाइपातून पाणी पलीकडे नेणारा एक सायफन. कोणाच्या नजरेत भरेल असे त्यात काही नव्हते.

पुढे पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात कमी पडे. भिंत उंच करायची तर खर्च मोठा, आणि जुन्या भिंतीवर रेटाही वाढणार. सांडव्यावर कायमचा अडसर घातला तर पुराच्या वेळी धोका. त्यांनी १९०३ मध्ये तिथे स्वयंचलित दरवाजे बसवले. एरवी ते मिटलेले राहून जास्तीचे पाणी अडवत. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. मध्यरात्री पूर आला आणि पहारेकरी झोपला, तरी धरणाला धोका नाही. नळदुर्गच्या सांडव्यामागचाच हा विचार, एक पाऊल पुढे गेलेला.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे बुडाली. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यातच होता. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी पूर शहरात आल्यावर काय करायचे यापेक्षा तो शहराच्या वरच कसा अडवायचा याचा विचार केला. पावसाचे आकडे गोळा केले आणि वरच्या अंगाला मोठे जलाशय बांधण्याचा सल्ला दिला. त्यांतूनच पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले. ज्या निजामाच्या नावाने आपले शहर दीर्घकाळ उस्मानाबाद म्हणून ओळखले गेले, त्याचेच नाव या जलाशयाला आहे.

विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ मध्ये भारतरत्न झाले. पण पदाआधी पंचवीस वर्षे त्यांनी पाइप, कालवे आणि दरवाजे यांचाच अभ्यास केला होता.

‘आतलं कोणाला दिसतंय?’

भारतरत्न काही सर्वांना मिळत नाही. म्हणून एक लहान गोष्ट सांगतो. माझी एक विद्यार्थिनी दहावीनंतर तंत्रनिकेतनात गेली आणि स्थापत्याची पदविका घेऊन एका बांधकामावर देखरेखीला लागली. पहिल्याच वर्षी स्लॅब टाकायच्या दिवशी तिने पाहिले की सळ्या थेट सेंट्रिंगच्या पत्र्यावर टेकल्या आहेत. सळीखाली काँक्रीटचा थर राहावा म्हणून जे छोटे ठोकळे ठेवतात, ज्यांना साइटवर कव्हर ब्लॉक म्हणतात, ते ठेवलेच नव्हते. मिक्सर सुरू झाला होता, मजूर उभे होते. ठेकेदार म्हणाला, ‘ताई, आतलं कोणाला दिसतंय?’

तिने काम दोन तास थांबवले. बोलणी खाल्ली. ठोकळे आल्यावरच काँक्रीट पडले.

ठोकळे नसते तर स्लॅब त्या दिवशी पडला नसता. दहा वर्षांतही कदाचित पडला नसता. पण उघड्या सळीला दमट हवा लागून गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो, पापुद्रे पडतात आणि सळी बारीक होत जाते. वीस-पंचवीस वर्षांनी त्या छताखाली कोणीतरी झोपलेले असेल. त्या माणसाला ही मुलगी कधीच माहीत होणार नाही.

ती मला फोनवर म्हणाली, ‘सर, त्या रात्री मला फार छान झोप लागली.’ यशाची व्याख्या पुस्तकात काहीही असो, या धंद्यातले समाधान हे असे असते.

आतापासून काय कराल?

मार्ग अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. किंवा बारावी विज्ञान, प्रवेशपरीक्षा आणि चार वर्षांची पदवी. आपल्या जिल्ह्यात धाराशिवला आणि तुळजापूरला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, धाराशिवला शासकीय तंत्रनिकेतन आहे. कोणती शाखा घ्यावी, हे शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले यावरून ठरवू नका. मोटार उघडून पाहावीशी वाटते का, की तार जोडून, की कोडे सोडवून, की भिंत चढताना पाहून, याकडे लक्ष द्या.

एक खरी गोष्टही ऐका. पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली, असे नाही. पदवीधर पुष्कळ आहेत. ज्याला काम येते त्यालाच विचारतात. काम येण्याची सुरुवात मात्र आजच करता येते.

मोजायला शिका. वर्गाची लांबी आधी अंदाजाने सांगा, मग टेपने मोजा. चूक किती टक्के आली ते वहीत लिहा. हाताने आकृती काढा. गावात बांधकाम चालू असेल तर गवंडीमामांजवळ बसा. ओळंबा कसा धरतात, पाणसळ कशी पाहतात, नव्या काँक्रीटवर इतके दिवस पाणी का मारतात, ते विचारा. सूत्र पाठ करण्याआधी ते कुठे लागू पडत नाही हे गुरुजींना विचारा. आणि आपली चूक आपण होऊन सांगायची सवय लावा. ही सवय गणिताच्या वहीत लागली नाही तर साइटवर लागत नाही.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या स्वतःच्या घराच्या छपराचे वजन काढा. लांबी, रुंदी, जाडी मोजा. काँक्रीट असेल तर घनता दर घनमीटरला २,५०० किलो धरा, माती असेल तर १,६००. मग ते छप्पर कशावर टेकले आहे आणि चारही भिंतींना बांधणारा पट्टा आहे का, ते घरच्यांना विचारा.

त्या मुलीलाही मी हेच काम दिले आहे. तिच्या आजोळचे घर लोहारा तालुक्यात आहे. आजीच्या खोलीवर अजून माळवद आहे, असे ती म्हणाली. दिवाळीच्या सुटीत ती टेप घेऊन जाणार आहे.